पूरक उपचार, पण कशाला पूरक?

मंत्रचळावर, म्हणजे ज्याला आता सगळेच ओसीडी म्हणतात त्या आजारावर (नको असलेला विचार येतो आणि तो शमवायला माणूस तीच कृती पुन्हा पुन्हा करतो), पूरक उपचार म्हणून डिजिटल कॉग्निटिव्ह ट्रेनिंग, म्हणजे लक्ष, स्मरण, विचारांची लवचीकता वाढवण्यासाठी मोबाइल-संगणकावर करायचा सराव, वापरावा की नाही, यावरची चर्चा ऐकली की मी अस्वस्थ होतो. एका बाजूला उत्साही मंडळी आहेत. मेंदूतल्या ज्या जोडण्या बिघडल्या आहेत त्या मोबाइलवर रोज अर्धा तास सराव करून सुधारता येतील, असं त्यांचं म्हणणं. गोळ्यांचे दुष्परिणाम नाहीत, दवाखान्यात रांग नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायची भीती नाही. दुसऱ्या बाजूला स्क्रीन म्हटली की ज्यांचं डोकं फिरतं ते लोक. 'मोबाइलवर खेळ खेळून कुठे मनाचा आजार बरा होतो का?' इथेच त्यांचा युक्तिवाद सुरू होतो आणि इथेच संपतो. दोन्ही बाजू मोबाइलवर तावातावाने बोलतात, आणि आजार नेमका कशाने टिकून राहतो हे कुणीच विचारत नाही.

माझं मत आधीच सांगतो. असा सराव उपचारात असायला माझी हरकत नाही. पण त्याची किंमत एकाच गोष्टीवरून ठरवावी: त्यामुळे रुग्ण आपल्या भीतीसमोर उभा राहून ती ठरावीक कृती न करता थांबायला शिकतो का? स्क्रीनवरचे गुण वाढले, बोटं चपळ झाली, याला मी उपचार म्हणणार नाही. आणि ज्याला मूळ उपचारच मिळालेला नाही त्याच्या हातात पूरक म्हणून ॲप ठेवणं ही त्याची फसवणूक आहे, देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी.

मूळ उपचार कोणता, हे स्पष्ट सांगायला हवं, कारण या वादात त्याचं नावसुद्धा बऱ्याचदा निघत नाही. नको असलेला विचार मनात घुसतो. हाताला घाण लागली असेल, गॅस चालू राहिला असेल, देवापुढे हात जोडताना मनात अभद्र शब्द आला, स्वतःच्याच बाळाला आपल्या हातून काही होईल. असे विचार निरोगी माणसांनाही येतात. रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच ते दाखवून दिलं होतं. फरक पुढे पडतो. मंत्रचळाचा रुग्ण त्या विचाराला उत्तर म्हणून धुतो, तपासतो, मोजतो, मनातल्या मनात तेच वाक्य पुन्हा म्हणतो. त्याने घटकाभर बरं वाटतं, आणि त्या घटकाभराच्या सुटकेनेच आजाराला खतपाणी मिळतं. 1966 साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर एक धाडस केलं. ज्याची भीती वाटते ते करायला लावायचं आणि त्यानंतरची कृती करू द्यायची नाही. परिचारिका सोबत ठेवल्या, धुण्याची वाटच बंद केली. कृती अडवली तर रुग्ण कोलमडेल, असं त्या काळी मानसोपचारातले जाणते लोक मानत होते. रुग्ण कोलमडले नाहीत, सुधारले. आज ज्याला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे भीतीला सामोरं जाणं आणि कृती रोखणं) म्हणतात त्या उपचाराची ही सुरुवात. त्याच्या जोडीला क्लोमिप्रामिन आणि नंतर आलेल्या फ्लुऑक्सेटिन, फ्लुव्होक्सामिन, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्या. त्या नैराश्यापेक्षा बहुधा जास्त डोसमध्ये लागतात आणि त्यांचा गुण दिसायला दोन-तीन महिने धीर धरावा लागतो.

आता उत्साही मंडळींच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य केलंच पाहिजे. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा माणसांच्या टंचाईचा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांमधले 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचं दिसलं. (त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे आपण मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं, आपल्याकडचं चित्र आपण अंदाजानेच रंगवतो.) देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि ईआरपी रीतसर शिकलेली माणसं त्याहून कितीतरी विरळ. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. सिरोंचाच्या एखाद्या पोराला बारा-पंधरा आठवडे दर आठवड्याला नागपूर गाठायला सांगणं म्हणजे 'उपचार घेऊ नकोस' असं सांगण्यासारखंच आहे. दुसरा मुद्दा, ईआरपी अवघड आहे. काही जण ऐकूनच नको म्हणतात, काही मध्येच सोडतात. गोळ्यांनी पुरेसा फरक पडतो तो साधारण निम्म्या लोकांना. तिसरा मुद्दा लाजेचा. स्वतःच्या बाळाविषयी आलेला विचार कोणती आई ओपीडीत परक्या माणसासमोर सहज बोलून दाखवेल? आणि चौथा मुद्दा विज्ञानाचा: मंत्रचळाच्या रुग्णांच्या चाचण्यांत हाताशी आलेली कृती आवरणं, एका नियमावरून दुसऱ्या नियमावर जाणं, गुंतागुंतीच्या माहितीची मांडणी करणं, या गोष्टी सरासरीने थोड्या कमी पडतात. मग त्यांचाच सराव का करून घेऊ नये?

प्रश्न रास्त आहे. पण उत्तराला सुरुवात करायची तर या 'थोड्या'पासून करावी लागेल. अब्रामोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अशा शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. निरोगी लोकांशी तुलना करता जो फरक दिसला तो फार तर मध्यम स्वरूपाचा होता, आणि रोजच्या आयुष्यात त्याला किती महत्त्व द्यावं यावर त्यांनीच प्रश्नचिन्ह लावलं. डोक्यात अखंड भीती चालू असलेला माणूस संगणकापुढे बसला तर त्याचे गुण थोडे घसरणारच. मग ही उणीव आजाराचं मूळ आहे की आजाराची सावली?

माझी आत्या रात्री झोपण्याआधी गॅस तपासायची. आधी शेगडीच्या दोन्ही कळा, मग रेग्युलेटर, मग वाकून सिलिंडरच्या तोंडाशी नाक नेऊन वास. मग अंथरुणावर येऊन बसायची आणि दोन मिनिटांत म्हणायची, "अरे, एकदा बघून ये ना, मला आठवतच नाहीये मी बंद केला का." घरातले सगळे म्हणायचे, आत्याची स्मरणशक्ती गेली. ती स्वतःही तेच म्हणायची, आणि बदाम भिजत घालायची. पण तिला नातवंडांचे वाढदिवस, दुधाचा हिशेब, कोणाच्या लग्नात कोणी काय आहेर केला, हे सगळं तोंडपाठ होतं. मग गॅसच तेवढा का विसरायची?

2003 साली नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी नेमका हाच प्रश्न संगणकावर मांडला. पडद्यावर चित्रातली गॅसची शेगडी. निरोगी लोकांपैकी काहींना तिच्या कळा पुन्हा पुन्हा लावायला, बंद करायला, तपासायला सांगितलं. शेवटी विचारलं, शेवटच्या खेपेला कोणत्या कळा तपासल्यात? उत्तरं बरोबर होती, स्मरण शाबूत होतं. मात्र ज्यांनी गॅसच वारंवार तपासला होता त्यांना ती आठवण धूसर वाटायला लागली होती आणि तिच्यावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता. ध्यानात घ्या, हे लोक आजारी नव्हते. तपासण्यानेच खात्री जाते. आत्याच्या डोक्यात काही कमी नव्हतं. रोजच्या दहा खेपांनी तिची खात्री झिजवली होती. तिला स्मरणशक्तीचा सराव दिला असता तर तो भलत्याच जागी लावलेला मलम ठरला असता. शिवाय त्यातून एक घातक संदेश गेला असता, तो म्हणजे 'तुमची आठवण खरंच कच्ची आहे, म्हणूनच तुम्हाला तपासावं लागतं'. आजार तिला जे सांगत होता तेच उपचारानेही सांगायचं का?

इथे इतिहासातला एक धडा आठवावा लागतो. 1935 मध्ये पोर्तुगालच्या एगाश मोनिझ यांनी मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडायची शस्त्रक्रिया सुरू केली. तर्क असा की ठरावीक विचार ठरावीक जोडण्यांमध्ये अडकून बसतात, जोडण्या तोडल्या की विचार सुटतील. 1949 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या शस्त्रक्रियेच्या टेबलावर मंत्रचळाचे रुग्णही झोपले. ॲप कुणाचा मेंदू कापत नाही, तेव्हा दोन्हींची हानी एका तराजूत घालणं अन्यायाचं होईल, आणि मी ती घालतही नाही. मी दाखवतो आहे ती विचारातली उडी. मेंदूत अमुक भागात फरक दिसतो, आमचा उपाय त्या भागावर काम करतो, म्हणून आमचा उपाय चालतो. या 'म्हणून'च्या जागी उपचार घेतलेले आणि न घेतलेले अशी नीट तुलना हवी होती. ती तेव्हा झाली नाही आणि तिची किंमत हजारो लोकांनी मोजली.

सरावाच्या बाबतीत अशी तुलना झालेली आहे, आणि तिचं उत्तर फारसं आशादायक नाही. 2010 मध्ये बीबीसीच्या मदतीने 11,430 लोकांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम केले. जो व्यायाम केला त्यात ते तरबेज झाले. त्याच्याशी मिळत्याजुळत्या पण न शिकवलेल्या कामांतसुद्धा त्यांची विशेष प्रगती झाली नाही. अमेरिकेत लुमॉसिटी नावाच्या ॲपच्या कंपनीने आपल्या खेळांनी शाळेत, कामावर, म्हातारपणी फायदा होतो अशा जाहिराती केल्या, आणि पुराव्याअभावी 2016 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करून तिला 20 लाख डॉलर भरावे लागले. 2020 मध्ये लहान मुलांच्या एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या विकारासाठी) एका व्हिडिओ गेमला अमेरिकी औषध प्रशासनाने मान्यता दिली. त्याच्या 348 मुलांच्या चाचणीत अवधानाच्या संगणकी परीक्षेत मुलं पुढे गेली, पण आईवडिलांनी केलेल्या नोंदींत तो गेम आणि तुलनेसाठी दिलेला दुसरा गेम यांत फरक दिसला नाही. घरातल्या माणसांना जो फरक दिसत नाही तो कुणासाठी असतो?

खुद्द मंत्रचळावरही नेदरलँड्समध्ये चाचणी झाली आणि 2020 मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मंत्रचळ आणि ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याचा आजार) यांच्या रुग्णांना नेहमीच्या उपचाराआधी विचारांची लवचीकता वाढवणारा सराव दिला, आणि दुसऱ्या गटाला तितकाच वेळ, तितकंच लक्ष देणारी, पण हा सराव नसलेली सत्रं. सरावाने पुढच्या उपचाराचा गुण वाढला नाही. एका चाचणीने विषय मिटत नाही, हे मला मान्य आहे. सराव वेगळ्या प्रकारचा असू शकतो, रुग्ण वेगळे असू शकतात. पण 'करून तर बघू, तोटा काय' असं म्हणणाऱ्यांना तोटा दाखवायला हवा. पहिला तोटा वेळेचा. ज्याचा दिवसातला मोठा भाग धुण्यात आणि तपासण्यात जातो त्याच्याकडे मोकळा अर्धा तास हीच सगळ्यात महाग वस्तू असते. तो अर्धा तास ईआरपीच्या गृहपाठाला मिळायला हवा. दुसरा तोटा जास्त गंभीर आहे. मंत्रचळाच्या रुग्णाचा मेंदू चुकीला निरोगी माणसाच्या मेंदूपेक्षा जोरात दचकतो; मेंदूलहरींच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. अशा माणसापुढे चूक झाली की लाल फुली दाखवणारा, गुण मोजणारा, 'आजचा सराव बाकी आहे' म्हणून टोचणी लावणारा कार्यक्रम ठेवा. शंभर टक्के येईपर्यंत तो फेरी पुन्हा करेल. बोट 'नीट' पडलं नाही असं वाटलं म्हणून मागे जाईल. धुण्याच्या कृतीशेजारी सरावाची आणखी एक कृती तयार होईल, आणि आलेखावर ती नियमितपणा म्हणून दिसेल.

इतकं वाचून स्क्रीनविरोधी मंडळींना आपण जिंकलो असं वाटत असेल, तर ते खरं नाही. त्यांचा दावा आहे की उपकरणातून मनाचा उपचार होऊच शकत नाही. हा दावा वीस वर्षांपूर्वीच खोटा ठरला आहे. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 218 रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला संगणक टेलिफोनवरून ईआरपी शिकवत होता: रुग्णाने फोन लावायचा, बटणं दाबून उत्तरं द्यायची, सोबतच्या वहीप्रमाणे सराव करायचा. दुसऱ्या गटाला प्रत्यक्ष थेरपिस्ट, तिसऱ्याला नुसतं शरीर सैल सोडण्याचं तंत्र. दहा आठवड्यांनी आजाराची तीव्रता मोजणाऱ्या येल-ब्राउन मापावर सैल सोडणारा गट 1.7 अंकांनी, संगणकाचा गट 5.6 अंकांनी आणि माणसाचा गट 8 अंकांनी सुधारला होता. माणूस सरस ठरला, पण संगणकही कामाला आला, कारण त्यातून दिलं जात होतं ते ईआरपीच. पुढे 2005 मध्ये असंही दिसलं की ठरलेल्या वेळी स्वतःहून थोडक्यात फोन करणारं माणूस मागे असलं, तर अशा स्वयंउपचारात रुग्ण जास्त टिकतात आणि जास्त सुधारतात; 'अडलं तर फोन करा' एवढं सांगून भागत नाही. स्वीडनमध्ये 2021 च्या चाचणीत 152 मुलांपैकी निम्म्यांना आधी इंटरनेटवरून, थेरपिस्टच्या देखरेखीखाली ईआरपी दिली आणि ज्यांना पुरली नाही त्यांनाच प्रत्यक्ष भेटी दिल्या. परिणाम सरसकट प्रत्यक्ष भेटी दिलेल्या मुलांच्या तोडीचा निघाला, आणि थेरपिस्टचा वेळ पुष्कळ वाचला.

केंब्रिजच्या संशोधकांनी 2018 मध्ये केलेला प्रयोग तर अधिकच विचार करायला लावणारा आहे. घाणीची खूप भीती असलेल्या 93 जणांना त्यांच्याच मोबाइलवर त्यांचाच व्हिडिओ दिला. काहींना स्वतः हात धुताना, काहींना घाण वाटणाऱ्या वस्तूला स्वतः हात लावताना. दिवसातून चार वेळा, आठवडाभर पाहायचा. दोन्ही गटांची लक्षणं कमी झाली, विचारांची लवचीकताही वाढली. हे लोक रोगनिदान झालेले रुग्ण नव्हते आणि एक आठवडा म्हणजे काहीच नाही, तेव्हा यावरून बरं होण्याची भाषा कुणी करू नये. तरी एक गोष्ट नजरेत भरते. भीतीची वस्तू इथे पडद्यावर हजर आहे, नेहमीच्या सरावातल्या रंगीत चौकोन आणि बाणांच्या मागे लपलेली नाही. जो माणूस दाराच्या कडीला हात लावायला धजत नाही, त्याला त्या कडीपर्यंत नेणारी पायरी म्हणून असा व्हिडिओ वापरता आला तर तो सराव मी आनंदाने स्वीकारेन.

आणि टंचाईचा मुद्दा? तो खरा आहे, पण त्याला उत्तर म्हणून माणसाला वगळण्याची गरज नाही, हे आपण महाराष्ट्रातच पाहिलेलं आहे. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. डॉक्टरांशिवाय हे धोक्याचं आहे असा आक्षेप होता. त्यांनी 39 गावांत हे काम केलं, 47 गावांशी तुलना केली, आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं मांडलं. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने गावातल्याच माणसांना नैराश्याचं समुपदेशन शिकवून त्याचीही अशीच कसून तुलना केली. दोन्हीकडे खऱ्या उपचाराचा गाभा कमी शिकलेल्या पण नीट शिकवलेल्या माणसाच्या हाती दिला गेला. ईआरपीचं हेच का होऊ नये? जिल्हा रुग्णालयातल्या परिचारिकेला, समाजसेवकाला सहा महिने देखरेखीखाली ईआरपी शिकवा, मोबाइल तिच्या हाताखाली द्या: आजची पायरी, नोंद, आठवड्याचा ठरलेला फोन. त्यात अवधानाचा किंवा लवचीकतेचा सराव घालायचा असेल तर खुशाल घाला, पण निम्म्या रुग्णांना तो देऊन आणि निम्म्यांना न देता, आणि मोजमाप ईआरपी पुरी करणाऱ्यांचं ठेवून.

माणूस हवाच, असा हट्ट मी धरतो त्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते मला सगळ्यात मोठं वाटतं. मंत्रचळ एकट्या माणसाच्या डोक्यात राहत नाही, तो घरभर पसरतो. एका खोलीच्या घरात, पाणी सकाळी दोन तास येतं तिथे, मुलगा मोरीत शिरून तासभर बाहेर येत नाही. वडील ऑफिसला अंघोळीविना जातात. आई बाजारातून आली की आधी तिच्या पिशव्या दाराबाहेर, मग तिची साडी बदलणं, मग आत येणं, हे आता ठरून गेलेलं असतं. मोरीच्या दारातून तो विचारतो, "आई, कोपरापर्यंत धुतले ना मी?" आणि ती कणीक मळता मळता म्हणते, "हो रे बाळा, धुतलेस." दिवसातून कितीदा म्हणते हे तिलाही सांगता येणार नाही. ती प्रेमाने म्हणते, आणि त्या प्रत्येक 'हो'ने त्याची खात्री आणखी थोडी झिजते. तिला कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं की पुढच्या आठवड्यापासून पहिल्यांदा विचारल्यावरच उत्तर द्यायचं, नंतर 'तुला माहीत आहे' एवढंच म्हणायचं, तो चिडेल, रडेल, कदाचित जेवणार नाही, तेव्हा डगमगायचं नाही; आणि त्या आठवड्यात रोज संध्याकाळी तिला फोन करून विचारायला हवं की आज कसं गेलं. मुलाच्या मोबाइलवरच्या सरावाला ही आई दिसत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागासाठी पुढचा पैसा मंजूर होईल तेव्हा पहिलं पद या संध्याकाळच्या फोनसाठी भरावं, आणि ॲपची खरेदी त्या पदावर बसलेल्या माणसाला विचारून करावी.